फायनल डेस्टिनेशनवर लपायला जागाच नाही

सुपर स्मॅश ब्रदर्स या निन्टेंडोच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममधली माझी सगळ्यात लाडकी स्टेज, म्हणजे लढायचं मैदान, आहे फायनल डेस्टिनेशन, नुसती सपाट फळी, वर एकही प्लॅटफॉर्म नाही. १९९९च्या पहिल्या गेममध्ये ही फक्त शेवटी मास्टर हँड या बॉसशी लढताना दिसायची, २००१च्या ‘मेली’ (Melee) या पुढच्या गेमपासून अनलॉक करून मित्रांशी खेळता यायला लागलं. आमच्या नेरूळच्या ग्रुपमध्ये काहीजण हिला बोर म्हणतात पण मला अजिबात पटत नाही, कारण समोरून लिंक या पात्राचे बाण सुटले की वर चढून पळायची सोयच नाही, शील्ड धरत, उड्या मारत इंच इंच पुढे सरकायचं आणि जवळ पोचलं की मग खरी मारामारी! २०१८च्या ‘अल्टिमेट’ या गेममध्ये तर बाकीच्या स्टेजनाही ओमेगा फॉर्म आहे, म्हणजे बॅकग्राउंड त्यांचा आणि मैदान हेच सपाट. आम्ही हल्ली तेच लावतो.