घर पाडताना पैसा कुठे सांडतो

रत्नागिरी, चिपळूण, मालवणात जुनी कौलारू घरे उतरवून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत. निघालेला राडारोडा रातोरात एखाद्या पऱ्यात (ओढ्यात) नाहीतर खाजणात (खाडीकाठच्या दलदलीत) जातो. किनारी पट्ट्यात अशी भर घालायला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची, बंदी आहे, तरीही जातो, कारण टाकण्यापेक्षा वापरणे महाग पडते असा समज आहे. महाग पडते ते पहिल्या दिवशीच सगळे कालवल्यामुळे.

जेसीबी सर्वांत शेवटी आणा. आधी आढ्यावरची कोनाची कौले, मग आढ्याकडून वळचणीकडे येत कौले. टिचकी मारली की खणखणीत वाजते ते चांगले, बद्द वाजते ते तडकलेले. कौले उभी रचा. आडव्या थप्पीत खालचे थर फुटतात. मग रीप, वासे, चौकटी. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर पाणी मारून अख्खे उतरवा, फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असते.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याची, किंमत सांध्यावर ठरते. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा पहारीने उचकटला की अख्खा सुटतो, खरवडला की पुन्हा भिंतीला तयार. सिमेंटच्या सांध्यात मात्र मसाला जांभ्यापेक्षा कडक असतो, त्यामुळे सांधा जागेवर राहतो आणि चिराच फाटतो. अशा भिंतीचे तुकडे जोत्याच्या भरणीला किंवा गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला) धरायचे. १४×९×७ इंचांचा चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणून गिऱ्हाईक पंचक्रोशीतच शोधावे. लांब नेला तर भाड्यातच नफा जातो.

आता स्लॅब. ८०० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ३.३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) काँक्रीट, साडेबावीस टनांच्या घरात. सळई आकारमानाच्या एक टक्का धरली तर ७४० किलो. ठेकेदार मजुरी कमी सांगतो ती याच सळईच्या जोरावर, तेव्हा भंगाराचा दर आधी विचारून मगच सौदा करावा. फोडल्यावर तेच काँक्रीट पाचेक ब्रास होते. ढेकळांमधल्या पोकळीचेही डंपरभाडे आपणच भरतो. म्हणून जागेवरच बारीक फोडून, सळई काढून भरलेला डंपर स्वस्त पडतो.

क्रशरला, म्हणजे खडी दळणाऱ्या यंत्राला, फक्त काँक्रीट द्या. त्यात जांभा गेला की खडीत मऊ, पाणी पिणारे दाणे आणि चिकण भुकटी येते. पावसात तीच भुकटी चाळणी बुजवते. दळायचे काम मे संपायच्या आत उरकावे. पीओपीचे छत वेगळे ठेवावे, त्यातल्या सल्फेटने नवे सिमेंट फुगून तडकते.

खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ३८३ (२०१६) प्रमाणे, काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या (‘एम’चा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आरसीसीत २० टक्के आणि एम-१५ खालच्या काँक्रीटमध्ये पूर्ण चालते. पण समुद्राजवळच्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये खार (क्लोराइड) मुरलेला असतो आणि तो सळई गंजवतो. क्लोराइड तपासल्याशिवाय ती खडी आरसीसीत घालूच नये. पीसीसी (सळई नसलेले काँक्रीट) आणि रस्त्याच्या थरात खपवावी.

मोठा प्रकल्प इथे चालणार नाही. त्याला रोज शेकडो टन माल हवा, आणि आपल्याकडे तो घराघराने, तोही पावसाळा सोडून आठच महिने निघतो. दोन-तीन नगरपरिषदांनी मिळून फिरता क्रशर भाड्याने आणावा आणि निघालेली खडी आपल्याच गटारांच्या, पाखाड्यांच्या (पायऱ्यांच्या वाटांच्या) कामात घ्यावी. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या २०२५ च्या नव्या नियमांतली उत्पादकाची (कचरा करणाऱ्याची) जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. आपली घरे त्यात येत नाहीत, त्यामुळे घरमालकाच्या हाती उरतो तो ठेकेदाराशी केलेला कागद. त्यात चिरे, कौले, लाकूड, सळई कोणाची आणि डबर (उरलेला राडारोडा) नेमके कुठे उतरणार, हे चार ओळींत लिहून घ्या. शेवटचे बिल डबर उतरल्याची पावती पाहूनच द्या.