चपलेतला काटा

वेचणीचे दिवस म्हणजे ओपीडीत दुपारपर्यंत शुकशुकाट. माणसं वावरात असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक कास्तकार जोडपं आलं. खोकला काकूंना होता, काकाजी नुसते सोबत आले होते.

काकूंची छाती तपासता तपासता नजर फरशीवर गेली. दारापासून बाकापर्यंत उजव्या पावलाचे ओले डाग. बाहेर तर कडक ऊन.

“काकाजी, चप्पल काढा बरं.”

“कायले जी? मले काई होत नाई.”

चप्पल सुटेना. जोर लावल्यावर निघाली आणि कळलं, बाभळीचा काटा तिच्या तळातून आरपार जाऊन अंगठ्यामागच्या उंचवट्यात रुतला होता. त्याच काट्यावर उभं राहून त्यांनी पाच-सहा दिवस कापूस वेचला होता. काकूंना दोन रात्री घरात वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी सारं घर झाडून काढलं होतं.

शुगर नऊ वर्षांची. गोळ्या आठवल्या की घ्यायच्या. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा त्या तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत गेलो. लागलं की ‘हो’ म्हणायचं. ते शांत बसून होते. शेवटी म्हणाले, “करा ना मंग सुरू.”

जखमेत सळई घातली तर टोकाला खट्ट लागलं. हाड. अंगात ताप मात्र नव्हता, आणि मधुमेहाच्या पायात हेच फसवतं.

१०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत काकूंनी विचारलं, “काटे तं आमाले रोजच टोचतेत. दोन दिसात भरून येते. यांचंच काहून असं?”

प्रश्न अगदी नेमका होता. १८८२ मध्ये मेचनिकॉव्ह या जीवशास्त्रज्ञाने इटलीतल्या सिसिली बेटावर तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचं एक मोठं दार त्या काट्याने उघडलं. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. काकाजींच्या तळव्यातही पेशी आल्या होत्याच.

काकूंना मी जागलीचं उदाहरण दिलं. रात्री रानडुकरं शिरली की जागल्या आरडाओरडा करतो, दगड मारतो, हुसकावतो. सकाळी तोच मोडलेलं कुंपण नीट करतो. जखमेतल्या मॅक्रोफेज पेशींचं काम असंच दोन पाळ्यांचं : आधी जंतू आणि मेलेलं मांस साफ करायचं, मग बाज बदलून नवं मांस भरायला मदत करायची. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असली की ही पाळी बदलतच नाही. जंतूंवर आधी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मंदावतात, आणि मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाहाची रसायनं सोडत राहतात. नवं विणलेलं मांस कुरतडणारी विकरंही (एन्झाइम) सुटतात. म्हणजे जागल्या दिवसाही दगड मारत सुटतो आणि आपलंच पीक तुडवतो.

“म्हंजे डुकरं गेले तरी तो थांबत नाई,” काकू म्हणाल्या. त्यांना समजलं होतं.

हा दाह एका जखमेपुरता नसतो. साखर प्रथिनांना चिकटून जी संयुगं बनतात, ती पेशींवरच्या ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंना, डिवचत राहतात. डोळ्याच्या पडद्याच्या, मूत्रपिंडाच्या, नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आतून धुमसतात. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कोणी दवाखान्यात येत नाही. काकाजींच्या खिशात खर्र्याची पुडी होती, हिरड्या सुजलेल्या. हिरड्यांचा दाह साखर वाढवतो, वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. साखरेचा आकडा लिहून गोळी देताना मीही किती जणांच्या तोंडात डोकावलो होतो?

पुढे त्यांची दोन बोटं काढावी लागली, पाऊल वाचलं. पण मला त्या दिवसातली आठवते ती गाडी फाटकात शिरण्याआधीची पाच मिनिटं. काकू एकदम म्हणाल्या, “मंग दुसरा पाय पाह्यला का जी?”

नव्हता पाहिला. डावी चप्पल त्यांच्या पायातच होती.

काढली. टाचेला खोल भेग होती आणि भेगेत कापसाचा धागा अडकलेला. काकू खाली बसल्या आणि नखांच्या चिमटीने तो हळूहळू ओढून काढू लागल्या. टोक लाल होऊन आलं. काकाजी खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते.