एकच नाव वाढलं, तरी दिवस वसूल

आजच्या रीकॅपला (जहाजावर दिवसभराचा आढावा घेतात तो) पक्ष्यांच्या यादीत फक्त एक नाव वाढलं, रेड फॅलारोप हा छोटा पाणपक्षी, आणि तरीही या ट्रिपमधला आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी दिवस आजचाच, हे आधी लिहून टाकते नाहीतर झोपेत राहून जायचं. झोप तरी कसली, बारा वाजून गेलेत आणि बाहेर लख्ख ऊन आहे. स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर, साधारण २० एप्रिलनंतर सूर्य मावळतच नाही, थेट ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत, त्यामुळे जेवलो म्हणजे दिवस संपला हे शरीराला पटतच नाही, लोक रात्री अकराला कॅमेरे गळ्यात अडकवून डेकवर आणि सकाळी नाष्ट्याला सगळ्यांचे डोळे सुजलेले.

तर सकाळी अल्केफ्येलेट, पक्ष्यांचा कडा. हिनलोपेन सामुद्रधुनीत डोलेराइट नावाच्या दगडाचे उभे काळे कडे आहेत, शंभरेक मीटर उंच, आणि त्यांच्या प्रत्येक फटीत, प्रत्येक बोटभर कंगोऱ्यावर ब्रुनिक्स गिलेमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी. साधारण ६० हजार जोड्या म्हणतात. मी आकडा आधी वाचला होता, पण वाचून काही म्हणजे काही कळत नाही. झोडियॅक (छोटी रबरी बोट) धुक्यातून पुढे सरकत होती, आधी वास आला (तो अजूनही जॅकेटला आहे), मग आवाज, सलग घुर्रर्र असा, आणि मग धुकं फाटलं आणि वर बघितलं तर आकाश दिसेना, इतके पक्षी एका वेळी हवेत. पाण्यावर थवेच्या थवे बसलेले, बोट जवळ आली की धडपडत पाण्यावरून धावत उडायचे. उडणं यांना जडच जातं बिचाऱ्यांना, किलोभर वजन आणि पंख एवढुसे, सतत फडफडवावे लागतात. पण तेच पंख पाण्याखाली वल्ह्यासारखे चालतात आणि हा पक्षी शंभर मीटरच्याही खाली बुडी मारून मासे आणतो. हवेतलं बेंगरूळ उडणं बघून हसायला येतं त्याला हे उत्तर आहे.

घरटं बिरटं काही नाही. एकच अंडं, थेट उघड्या दगडावर, एका टोकाला निमुळतं. प्रत्येकीच्या अंड्याचा रंग आणि ठिपके वेगळे, कुणाचं निळसर-हिरवं कुणाचं जवळजवळ पांढरं, आणि त्यावरून त्या गर्दीत आपलं अंडं ओळखता येतं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून उडी मारतं, खाली पाण्यात बाप हाका मारत असतो, आणि मग बाप आणि पिल्लू दोघं पोहत समुद्रात निघून जातात, पुढचे कित्येक आठवडे त्याला भरवायचं काम बापाचं. आई मागेच राहते. नेम चुकून जमिनीवर पडलं तर कोल्हा बसलेलाच असतो, आणि ग्लॉकस गल हा मोठा कुरव तर सकाळी आमच्यासमोरच एक अंडं उचलून गेला. उड्या बघायला आम्ही आठ-दहा दिवस लवकर आलो असं गाइड म्हणाला. लागलं मनाला जरा, पण ठीक आहे.

इंजिन एकदम हळू होतं. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या कड्यांजवळ पाच नॉट्सच्या (ताशी नऊएक किलोमीटर) वर जायचं नाही आणि भोंगा तर वाजवायचाच नाही, नाहीतर सगळे एकदम उठतात आणि त्या गडबडीत अंडी-पिल्लं खाली पडतात. सव्वा तास आम्ही एकाच जातीचा पक्षी बघत होतो. एकाच!! आणि कुणालाही कंटाळा आला नाही.

मला हेच लिहायचं होतं खरं तर. यादी वाढवायची सवय असलेल्या माणसासाठी आर्क्टिक जरा विचित्र जागा आहे, इथे नियमित वीण करणाऱ्या जाती मोजून तीसेक, पण एकेका जातीचे पक्षी लाखांत. पहिल्या दिवसांत मी पण लायफर, लायफर (आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली जात) करत डेकभर पळत होते आणि फुलमार हा समुद्रपक्षी दिसला की "हा तर झाला" म्हणून दुर्बीण खाली. आता तोच फुलमार जहाजाच्या बाजूने तासन्‌तास पंख न हलवता तरंगतो ते बघत उभी राहते, लाटेवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तो फुकट प्रवास करत असतो. आमच्यातले एक पक्के लिस्टर, म्हणजे यादीवाले आहेत, ते आज ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर आकडा काय टाकायचा यावरून गाइडशी जेवणाच्या टेबलापर्यंत भांडत होते. त्यांनी शेवटी पंधरा हजार टाकले. कसे मोजले देव जाणे.

अस्वलाचं राहिलंच. परवा बर्फाच्या कडेला दिसलं, मादी, आणि जहाज लांबच थांबलं. २०२५ पासून नियम कडक झालेत, किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनअखेर तर ५००. आमच्या ग्रुपमधल्या काकू वैतागल्या, "अगं एवढे पैसे भरून हा पिवळा ठिपका बघायला आले का मी?" म्हटलं काकू, स्कोपमधून, त्या स्टँडवरच्या दुर्बिणीतून बघा ना. बघितलं त्यांनी, आणि मग बराच वेळ कुणाला डोळा लावू देईनात. ती सीलच्या उरलेल्या सांगाड्याशी होती आणि शेजारी बर्फावर दोन पांढरेशुभ्र पक्षी, काळे पाय. आयव्हरी गल!! अस्वलाच्या शिकारीचं उष्टं खाऊन जगणारा पक्षी, बर्फ आक्रसतोय तसा तोही अडचणीत येणार. अंतराचा नियम मला तरी शंभर टक्के पटतो. जवळ गेलो असतो तर मादी उठून गेली असती आणि तिच्यामागोमाग गलही, मग फोटो कशाचे काढले असते?

आपण हजारो किलोमीटर विमान आणि वर जहाज जाळत हे बघायला येतो हा प्रश्न आहेच. स्टाफमधल्या एकीशी बोलले, ती खांदे उडवून म्हणाली की जड इंधन तेल इथल्या समुद्रात आता बंद आहे, पण डिझेल काय हवेतून येतं का. तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, उत्तर मात्र दोघींकडे नव्हतं.

न्यू-ओलेसुंद या संशोधकांच्या वस्तीत भारताचं हिमाद्री स्टेशन बाहेरून बघितलं, २००८ पासून आहे. तिथे फोनचं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करायला लावतात, रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो म्हणून. रस्त्याच्या कडेलाच आर्क्टिक टर्नची घरटी, त्यामुळे डोक्यावर काठी उंच धरून चालायचं, कारण तो सगळ्यात उंच टोकावर चोच मारतो. जेमतेम शंभर ग्रॅमचा जीव, वर्षाला सरासरी सत्तर हजार किलोमीटर उडणारा, अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येणारा, तो माझ्यासारख्या बाईला घाबरेल कशाला. टोपीवर एक प्रसाद पडलाच.

आणि दुपारचा फॅलारोप. लँडिंगच्या आधी बुटांची घासाघास, व्हेल्क्रोमधल्या बिया काढणं (बाहेरच्या बिया इथे येऊ नयेत म्हणून), सगळं नेहमीचं, मग अस्वलाच्या भीतीने रायफलवाला गार्ड पुढे आणि आम्ही मागे एका उथळ तळ्यापाशी. दोन नर पाण्यात भोवऱ्यासारखे गोल गोल फिरत होते, असं फिरून तळातले किडे वर आणतात. या जातीत मादी जास्त रंगीत, ती अंडी घालते आणि निघून जाते, उबवणं-वाढवणं सगळं नराकडे. जुलैच्या मध्यात माद्या बहुतेक समुद्रावर गेलेल्या असतात म्हणे, आम्हाला तरी एकही दिसली नाही. जेवताना काकूंना हे सांगितलं तर त्या काकांकडे बघून म्हणाल्या, "ऐकताय ना?" काका सूप पीत राहिले.

उद्या दिवसभर समुद्रात, दक्षिणेला वळसा घालून परवा हॉर्नसुंदची खाडी. तिथे दगडांच्या घसाऱ्यात लिटल ऑकची वसाहत आहे, दीडशे ग्रॅमचा पक्षी, दिवसाला साठेक हजार कोपेपॉड (समुद्रातले बारीक जीव) खातो, आणि त्याच्या विष्ठेवर वाढलेल्या शेवाळावर रेनडिअर जगतात. कॅप्टन म्हणालाय की लाटा तीन मीटरपर्यंत जातील, तेव्हा गोळी आत्ताच घेते, कार्डावरचे फोटो उद्या पोट जागेवर राहिलं तर कॉपी करेन.