शब्द खरे, व्यवहार खोटा

खोटे बोलणे आणि फसवणे या दोन गोष्टी आपण बोलण्याच्या ओघात एकच धरतो. पण त्या एक नाहीत, हे आज दुपारपासून मनात घोळते आहे, म्हणून झोपण्यापूर्वी लिहून काढतो. एखाद्याने जुन्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून अक्कलकोटची एसटी पाचला सुटते असे सांगितले आणि ती साडेचारलाच निघून गेली, तर त्याचे सांगणे चुकीचे ठरते, परंतु त्याने मला फसवले असे मी म्हणणार नाही. उलट, माझी गाडी चुकावी एवढ्याच हेतूने दुसऱ्या कोणी पाच सांगितले आणि नेमकी त्या दिवशी गाडी उशिरा लागून पाचलाच सुटली, तर मला गाडी मिळाली तरी तो माणूस लबाडच. असत्य वस्तुस्थितीशी ताडून पाहता येते. फसवणुकीसाठी मात्र बोलणाऱ्याच्या मनात शिरावे लागते.

हे सुचण्याचे कारण घरगुती आहे. पुण्याचे आमचे व्याही मुक्कामाला आले आहेत आणि त्यांना चादरी न्यायच्या होत्या, म्हणून दुपारी नवी पेठेत गेलो. दुकानदाराने मोरपंखी नक्षीची एक चादर झटकून पुढ्यात पसरली. व्याह्यांनी विचारले, "सोलापुरीच आहे ना?" त्यावर तो हसून म्हणाला, "सोलापुरात बसून आम्ही दुसरं काय विकणार, साहेब?" व्याह्यांचे समाधान झाले. मी चादर हातात घेतली. पूर्व भागातील मागांच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तिचे हलके वजन आणि मिश्र धाग्याची ती चकाकी लपणे शक्य नव्हते. "इथल्या मागावर विणलेली दाखवा," असे मी म्हणताच त्याने जराही न ओशाळता खालच्या फळीवरून जाड, भारी सुती चादर काढली. "तसं सांगायचं की ओ. ती बी हाय." मग ही कुठली, असे विचारले, तर म्हणाला, "ही बाहेरची. पण खोटं कुठं बोललो मी?"

खरोखरच तो खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न खराही नसतो, खोटाही नसतो. सोलापुरी चादरीला 1999 च्या कायद्याखाली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बाहेर विणलेल्या मालावर ते नाव छापले तर कारवाई होऊ शकते. पण या चादरीवर तसे काही छापलेलेच नव्हते, आणि काउंटरवरच्या प्रतिप्रश्नापुढे कायदा तरी काय करणार?

शब्दांनी खरे आणि हेतूने खोटे बोलण्याचे आपल्याकडील सर्वांत जुने आणि सर्वांत ठसठशीत उदाहरण धर्मराजाचे आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला होता, त्यामुळे 'अश्वत्थामा मारला गेला' हे वाक्य अक्षरशः खरे होते. 'हत्ती' हा शब्द युधिष्ठिराने अस्पष्ट उच्चारला, एवढेच. (शंखनादात तो शब्द बुडाला, ही कीर्तनकारांची आवडती भर.) द्रोणांनी इतरांना सोडून त्यालाच विचारले, ते तिन्ही लोकांचे राज्य मिळाले तरी हा असत्य बोलणार नाही या खात्रीने. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, हे सर्वांना माहीत असते; शेवटी त्याला काही काळ नरकाचे दर्शन घ्यावे लागले, तेही द्रोणांशी केलेल्या या कपटापायीच, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची कसोटीच अशी घातली आहे की, आपल्या मनातील बोध दुसऱ्याच्या मनात पोहोचवण्यासाठी वाणी असते, आणि ती फसवी, भ्रांत किंवा अर्थशून्य नसेल तरच सत्य. त्यातील फसव्या वाणीसाठी टीकाकार वाचस्पती मिश्रांनी धर्मराजाचेच उदाहरण दिले आहे.

अशी फसवणूक उघड असत्यापेक्षा सौम्य आहे असे पुष्कळांना वाटते. मला ती अधिक वाईट वाटते. सरळ खोटे बोलणारा निदान पकडला जाण्याचा धोका पत्करतो. हा मात्र आपले शब्द स्वच्छ ठेवून असत्याचा शेवटचा भाग ऐकणाऱ्याकडून पुरा करून घेतो, आणि पुढे उघडकीस आले की दोषही त्याच्याच पदरात टाकतो: तुम्हीच तसे समजलात.

दिवाणी न्यायालयात लेखनिक म्हणून नोकरी झाल्यामुळे 1872 चा करार कायदा अजून डोक्यात आहे. कपटाची व्याख्या करणाऱ्या 17 व्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ते कपट नव्हे. पण "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन," असे घेणाऱ्याने म्हटल्यावरही तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. इथपर्यंत पटते. मात्र 19 व्या कलमाचा अपवाद असा की, साध्या दक्षतेने खरे कळण्याजोगे असेल, तर केवळ अशा मौनामुळे करार रद्द करता येत नाही. माहितगाराने गप्प बसावे आणि दक्षता नवख्याने बाळगावी, ही वाटणी मला नोकरीत असतानाही पटत नसे.

व्याह्यांनी दोन्ही चादरी हातांनी चाचपून पाहिल्या, किमती विचारल्या आणि जाड चादर स्वतःसाठी घेतली. मग नातेवाइकांना द्यायला म्हणून हलक्या तीन बांधायला सांगितल्या. "सोलापूरहून आणल्या म्हणून सांगेन," ते मला म्हणाले. व्याहीच ते, मी काय बोलणार!