तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे लष्कर कसं आलं नाही?

डाकारला, सेनेगलच्या राजधानीत, होतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. आजूबाजूला माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर, सगळीकडे लष्कराने सत्ता घेतली, मग सेनेगलमध्ये कसं नाही आलं? सोलापूरच्या काकांनी तर फोनवर सरळ विचारलं, "तिथले लोक तेवढे शांत आहेत का रे?"

शांत? काका, २०२४ चा फेब्रुवारी मी तिथे काढला आहे. फॉस्फरिक ॲसिडच्या निर्यातीचं काम होतं. आपल्याकडच्या खतांसाठी ते सेनेगलहून येतं. मतदान २५ फेब्रुवारीला व्हायचं होतं. ३ तारखेला, प्रचार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष माकी साल टीव्हीवर आले आणि निवडणूक पुढे ढकलली म्हणाले. उमेदवारांच्या छाननीवरून वाद आहे, हे कारण. ५ तारखेला रात्री विरोधी खासदारांना जेंडार्मांनी (तिथल्या लष्करी पोलिसांनी) सभागृहाबाहेर काढलं आणि १०५ विरुद्ध १ मतांनी तारीख १५ डिसेंबरवर गेली. त्याच दिवशी मोबाइलचं इंटरनेट बंद होतं. खरी भीती मला तेव्हा वाटली. रस्त्यावरच्या आरडाओरड्याची नाही. आई फोन लावत असेल आणि लागत नसेल, याची.

पुढच्या काही दिवसांत निदर्शनं झाली, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या आणि माणसं मेली. त्यात सेंट-लुई शहरातला एक विद्यार्थी होता. कामावर त्याच्याबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही, पण त्या दिवशी दुपारचा आटाया, म्हणजे तिथला तीनदा उकळून प्यायचा चहा, कुणी केला नाही.

मग १५ तारखेला संध्याकाळी घटना परिषदेने, म्हणजे घटनेचे प्रश्न आणि उमेदवारांची छाननी बघणाऱ्या मंडळाने, निर्णय दिला: पुढे ढकलणं घटनाबाह्य. सात जणांची परिषद, तिच्यावरच आरोप करून निवडणूक थांबवली होती. साल यांनी निर्णय मानला. लष्कर बराकीत राहिलं त्याचं कारण मला इथे दिसतं. निकाल देणारं कुणीतरी उरलं होतं आणि तो ऐकायची सवय उरली होती. २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दू दियुफ हरले आणि पायउतार झाले, २०१२ साली राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद हरले आणि पायउतार झाले. अब्दुलाय वाद तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले होते, जीव गेले होते. ही सवय फुकट आलेली नाही.

तारीख ठरली २४ मार्च. पण त्याआधी माफीचा कायदा झाला आणि त्याबद्दल मला आजही राग आहे. २०२१ पासूनच्या आंदोलनांत डझनावारी तरुण मेले. कायद्याने आंदोलक सुटले आणि गोळी झाडणारेही. मेलेल्यांच्या घरच्यांना खटलाच मिळणार नाही, असं तेव्हा दिसत होतं.

त्याच कायद्याने १४ मार्चच्या रात्री विरोधी नेते उस्मान सोन्को आणि त्यांचे सहकारी बासिरू जोमाय फाय तुरुंगातून बाहेर आले. सोन्कोंना उभं राहायला बंदी, म्हणून त्यांच्या जागी फाय. घोषणा होती 'जोमाय मोय सोन्को', तिथल्या वोलोफ भाषेत 'जोमाय म्हणजेच सोन्को'. मतदानाला दहाच दिवस उरलेले, तेही रमजानातले. ज्या मिनीबसला डाकारकर 'टाटा' म्हणतात (नाव आपल्याच टाटांवरून), तिच्या काचांवर त्यांचे फोटो.

मतदानाचं केंद्र आमच्या घराजवळच्या शाळेत होतं. तिथे प्रत्येक उमेदवाराची चिठ्ठी वेगळी असते. मतदार चिठ्ठ्या घेऊन पडद्यामागे जातो, एक पाकिटात घालतो, बाकीच्या टाकून देतो. आमच्या कार्यालयाचा रखवालदार उपाशीपोटी सकाळपासून रांगेत होता. "किती वेळ?" विचारलं तर म्हणाला, "महिनाभर थांबलो, आता तासांचं काय?"

फाय ५४.२८ टक्के मतांनी पहिल्याच फेरीत जिंकले. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा ४४ वा वाढदिवस होता आणि सत्ताधारी आघाडीचे उमेदवार आमादू बा यांनी निकाल जाहीर होण्याआधीच फोन करून अभिनंदन केलं. २ एप्रिलला शपथविधी, सोन्को पंतप्रधान. नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १६५ पैकी १३० जागा. मधल्या काळात नव्या सरकारने सांगितलं की आधीच्या सरकारने तूट आणि कर्ज कमी दाखवलं होतं. दिवस सोपे आले नाहीत, एवढं खरं.

२५ मार्चच्या सकाळी रखवालदाराने शाईचं बोट माझ्यापुढे धरलं. मी माझं डावं बोट त्याला दाखवलं, म्हटलं आमच्याकडेही असंच लावतात, या एप्रिल-मेमध्ये लावतील. त्याने माझं बोट हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "मग तू घरी जाणार ना?"

मी तिकीट काढलं.