टोळ्या उसाच्या फडावर गेल्या तरी भारूड पोचतंय, त्याचा माझा अनुभव

आमची भारुडाची पार्टी बीड जिल्ह्यातली, केजच्या बाजूची. ऐकणारे निम्मे लोक ऊसतोडीवाले, दिवाळी झाली की टोळ्या कोल्हापूर सांगलीकडं नाहीतर पार कर्नाटकात, ते मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच. म्हणून यूट्यूब चॅनल काढलं, आपली माणसं तिकडं हायेत तर आवाज तिकडं गेला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

लाइव्ह रात्री नऊला ठेवायचो, जत्रेत आपला खेळ उशिराच उभा राहतो ना. पण बघायला कुणी टिकंना. एका मामींना फोन लावला तर म्हन्ल्या, "लेकरा, पहाटं तीनला उठून कोयता धरायचा असतो, नऊला कोन जागं राहतंय?" मग साडेसातला सुरू केलं, भाकरी थापायच्या टायमाला. बाया मोबाइल रिकाम्या पातेल्यात उभा ठेवतेत, आवाज घुमतो आणि शेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीतबी जातो. म्हणजे स्क्रीनवर एक माणूस दिसायला आणि ऐकायला अख्खी टोळी बसलेली! तवापासून मी आकड्याकडं बघून आवाज बसू दिला नाही.

लाइव्हमधी गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं, झाला की मी थांबून नावं घेतो, कुठलं गाव, कोणता कारखाना, सगळ्यांना रामराम. ज्यांना लिहिता येत नाही ते व्हॉट्सअ‍ॅपला व्हॉइस पाठवतेत, तो मी माइकला लावून ऐकवतो. एका आजीनं असाच तिच्या भावाला निरोप दिला, तो दुसऱ्या कारखान्यावर होता, त्यानं तिथल्या तिथं कमेंट टाकली की ऐकायलोय अक्का. ढोलकीवाला दोन मिनिटं वाजवायचाच थांबला.

रीलचा उपयोग वेगळा. सोंगाड्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा टाकला की पुण्या-चाकणला कामाला गेलेली आपली पोरं येतेत, हसतेत, शेअर करतेत. पण धरून राहणारं माणूस लाइव्हमधूनच मिळतं असं माझं ठाम मत हाय.

मधी एका म्युझिक कंपनीचा कॉपीराइट क्लेम, म्हणजे हे आमच्या मालकीचं हाय असा दावा, आला, तेबी पैठणच्या नाथांच्या भारुडावर! नाथ सोळाव्या शतकातले, त्यांच्या शब्दांवर आज कुणाची मालकी नाही, कंपनीची असती ती तिच्या रेकॉर्डिंगवर. पार्टीतली पोरं म्हन्ली व्हिडिओ काढून टाकू. मी नाही म्हन्लो. डिस्प्युट, म्हणजे त्या दाव्यावर हरकत, टाकला, त्यात सरळ लिहिलं की रचना जुनी, सार्वजनिक, आवाज आमचा, वाद्यं आमची, रेकॉर्डिंग आमच्या देवळातलं. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतेत, तेवढ्यात उत्तर आलं नाही की क्लेम आपोआप सुटतो. आमचा तसाच सुटला.

जाहिरातीच्या पैशाला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघणं लागतं, ते तास आमच्या लांबलचक लाइव्हनीच भरले, रेकॉर्डिंग पब्लिक ठेवलं तर तेबी धरतेत. पुढं 10 डॉलर जमले की पत्ता तपासायचा पिन साध्या टपालानं घरी येतो, तवा पोस्टमन दादाला आधीच सांगून ठेवा, वस्तीवर घर नंबर नसतेत.

फडात रेंज नसती म्हणून आता प्रत्येक लाइव्हचा नुसता ऑडिओ कापून बारीक फाइल करतो आणि टोळीच्या ग्रुपवर टाकतो. ट्रॅक्टर कारखान्यावर खाली करायला गेला की ड्रायव्हर तिथं डाउनलोड करतो आणि फडात येऊन सगळ्यांना देतो.