आवड वगैरे

काकांनी ग्रुपवर आजीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आईला लोकांना जेवू घालायची भारी आवड!' पटापट हात जोडलेले आले. मी काहीच पाठवलं नाही, आणि दिवसभर चिडचिड करत बसले.

आवड? लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिची खानावळ. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे मेंबर जेवायचे. पहिली पाळी सातची, म्हणजे हिचा स्टोव्ह चारला पेटणार. दुसरी पाळी मध्यरात्री सुटणार, तोवर ताटं झाकून ही भिंतीला टेकून जागी. सावकाराकडे मंगळसूत्र. खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरवांचं अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं १९७५ला, त्यातून बँकेचं कर्ज मिळालं तेव्हा कुठे ते गळ्यात परत आलं. आजोबांचं तर... जाऊ दे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला भाकऱ्या थापताना बघायची. गिरणी कामगारांच्या संपानंतर मेंबर बोटांवर मोजण्याइतके उरले होते, तरी प्रत्येक भाकरीमागे एकेक माणूस पुटपुटायची. "पाटणचा. त्याचा भाऊ. मालवणचा, त्याला करपलेली चालते." पीठ संपायच्या आत माणसं संपली पाहिजेत, एवढंच तिचं लक्ष. यात आवड कुठे दिसते? मी एकदा विचारलंही होतं, कंटाळा नाही येत? म्हणाली, "पगाराच्या दिवशी जातो."

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि ते पगाराचे दिवसच गेले. उधारीवर जेवून जेवून एकेक जण गावाला निघून गेला. बाबा सांगतात, वहीतली ती नावं तिने खोडली नाहीत. मागच्या कोऱ्या पानांवर पुढे दुधाचा हिशोब लिहिला. कागद फुकट का घालवा!

खरं सांगू? मला वाईट वाटतं ते माझ्यासाठी. मैत्रिणींच्या आज्या लाडू वळायच्या, सांजोऱ्या करायच्या. माझी आजी खानावळ बंद करून, स्टोव्ह कुणाला तरी देऊन डोंबिवलीला आली आणि थेट खिडकीतल्या खुर्चीत बसली. स्वयंपाकघरात पाऊल नाही. मला खाऊ म्हणून रुपया हातावर. अख्ख्या गिरणगावाने तिच्या हातचं खाल्लं आणि माझ्या वाट्याला आली निवृत्त आजी!

पण काय ऐटीत निवृत्त झाली होती! आईच्या आमटीत रोज मीठ कमी. पोळी गरमच हवी. चहात पाव बुडवून खाताना तर चेहरा असा, की जगात याहून थोर पक्वान्न नाही, कारण ते दुसऱ्या कुणीतरी केलंय. आवडच म्हणायची तर ही.

हॉटेलात नेलं की हमखास इडली परत पाठवायची, गार आहे म्हणून. आम्ही लाजून चूर. बिल आल्यावर बाबा वेटरसाठी सुटे ठेवायचे, तर ही बशीत डोकावून म्हणायची, "आणखी ठेव. सकाळपासून उभा असेल तो." आणि उठताना निम्मी बडीशेप पदरात.